दुरुस्तीवाला तालुक्यातच हवा

बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत एक खोली असते. जिन्याखाली, एक्स-रे विभागाच्या मागे किंवा जुन्या क्वार्टरमध्ये. तिला नाव नसते, पण तिथे काय आहे हे सगळ्यांना माहीत असते. धूळ बसलेला वॉर्मर, एका चाकावर कललेले सक्शन मशीन, झाकण नसलेला ऑटोक्लेव्ह, दोन-तीन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, काच फुटलेला मॉनिटर. प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनने लिहिलेले असते : नादुरुस्त. काहींवर तारीखही असते आणि ती वाचून वाईट वाटते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मात्र ही सगळी यंत्रे हजर असतात. वरून विचारणा झाली तर रुग्णालयात पाच कॉन्सन्ट्रेटर आहेत असेच उत्तर जाते, आणि पाच आहेत म्हटल्यावर सहावा मिळत नाही. निर्लेखन करायचे तर यंत्र दुरुस्त होण्यापलीकडे गेल्याचा दाखला लागतो, आणि तो देणारा माणूस जिल्ह्याच्या गावी बसतो.

या खोलीकडे सहसा पैशाच्या नासाडीचा पुरावा म्हणून पाहिले जाते. ते खरेच आहे. पण तिथली किती यंत्रे खरोखर मेलेली आहेत, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

त्याचे उत्तर शोधण्याचा नेटका प्रयत्न अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे अभियंते रॉबर्ट मॅल्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात १६ देशांतल्या एक लाख १२ हजारांहून अधिक यंत्रांच्या याद्या तपासल्या होत्या. त्यांतली सुमारे ३८ टक्के यंत्रे बंद होती. हा आकडा बराच गाजला. आरोग्य परिषदांतून तो अजूनही सांगितला जातो. पण त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचा दुसरा अभ्यास तितका गाजला नाही, आणि खरे तर तोच अधिक कामाचा आहे. ११ देशांतल्या ६० साधनहीन रुग्णालयांतून दुरुस्तीसाठी आलेल्या २,८४९ मागण्या त्यात एकेक करून पाहिल्या गेल्या. काय बिघडले होते, ते कशाने सुरू झाले, त्यासाठी कोणते कौशल्य लागले, असे सगळे नोंदवले गेले. त्यातली ७२ टक्के यंत्रे परदेशातून एकही सुटा भाग न मागवता सुरू झाली. आणि दोनतृतीयांश यंत्रे सुरू करायला लागलेली सगळी कौशल्ये मोजली तेव्हा ती अवघी १०७ भरली. विजेची जोडणी, यांत्रिक भाग, पॉवर सप्लाय, नळ्या-पाइपांचे काम, मोटर, आणि यंत्र नीट बसवणे व वापरणाऱ्याला शिकवणे, या सहा गटांत ती विभागली होती.

या १०७ मध्ये फ्यूज तपासणे आहे, तुटलेली वायर झाळणे आहे, गळकी नळी शोधणे आहे, बॅटरी बदलणे आहे, मोटरचे कार्बन ब्रश पाहणे आहे. तालुक्याच्या गावात मोटारपंप दुरुस्त करणारा, टीव्ही-मिक्सर उघडणारा किंवा आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलेला कोणताही होतकरू मुलगा यातले अर्धे काम आजच करू शकतो. उरलेले अर्धे त्याला शिकवावे लागेल. आणि यंत्राच्या दुसऱ्या टोकाला माणूस जोडलेला असतो, हे तर पहिल्या दिवसापासून शिकवावे लागेल.

सहाव्या गटाकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण डॉक्टरांना तो फारसा आवडत नाही. बंद म्हणून ठेवलेल्या यंत्रांपैकी काही बंद नसतातच. बोर्डातले सॉकेट सैल असते, प्रोब उलटा लावलेला असतो, सेटिंग कुणीतरी बदललेले असते आणि पुस्तिका कपाटात कुलूपबंद असते. नवे यंत्र येते तेव्हा कंपनीचा माणूस दुपारी तासभर प्रात्यक्षिक देतो. त्या वेळी ड्यूटीवर असलेल्या दोन सिस्टर ते पाहतात, आणि सहा महिन्यांत त्यातल्या एकीची बदली होते. रात्रपाळीच्या सिस्टरने ते यंत्र कधी हाताळलेलेच नसते. रात्री दोन वाजता अलार्म वाजतो, बंद होत नाही, मग प्लग काढला जातो. सकाळी त्यावर चिकटपट्टी लागते. यात सिस्टरचा दोष किती, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तिला शिकवणारा माणूस त्या इमारतीत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

बंद पडलेले यंत्र निदान दिसते तरी. अर्धवट चालणारे जास्त घातक. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. जुन्या फोटोथेरपी यंत्रांतल्या ट्यूब वापराने क्षीण होत जातात. डोळ्यांना प्रकाश तसाच निळा दिसतो, पण त्वचेवर पडणारी उपयोगी तरंगलांबीची ऊर्जा निम्म्यावर आलेली असू शकते. बाळ चोवीस तास त्या प्रकाशात राहते, बिलिरुबिन उतरत नाही, आणि मग घाईघाईने जिल्ह्याला पाठवले जाते. रक्त बदलण्याची वेळ आली तर त्यातला प्रत्येक तास मोलाचा असतो. प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे हातात मावणारे मीटर मिळते. ते महिन्यातून एकदा लावून पाहणारा माणूस मात्र मिळत नाही.

कॉन्सन्ट्रेटरचेही तसेच. खोलीतली हवा आत घेऊन त्यातला नायट्रोजन झिओलाइटच्या खड्यांत अडकवायचा आणि उरलेला ऑक्सिजन रुग्णाला द्यायचा, एवढे सरळ काम हे यंत्र करते. चांगल्या स्थितीत त्यातून नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन मिळतो. पण धूळ अडवणारी बाहेरची जाळी महिनोन्महिने धुतली गेली नाही आणि दमट हवा आत जात राहिली, की झिओलाइट निकामी होऊ लागते. शुद्धता घसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती ८२ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. घसरलेली शुद्धता कशी कळणार? फ्लोमीटरचा गोळा पाचवर असतो, बाटलीत बुडबुडे येतात, मोटरचा आवाज नेहमीसारखा असतो. न्यूमोनियाच्या मुलाला ऑक्सिजन लावला आहे या समाधानात सगळे असतात. जाळी काढून साबणाच्या पाण्याने धुणे आणि वाळवून परत लावणे, हे आठवड्याला पाच मिनिटांचे काम. ते कुणाचे, हे कोणत्याही कामाच्या वाटणीत लिहिलेले नाही.

ऑटोक्लेव्हची गोष्ट त्याहून साधी. झाकणाचे रबरी गॅसकेट कडक होऊन चिरते, वाफ निसटते, दाब चढत नाही. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने हीटरच्या कॉइलवर पुटे बसतात आणि कॉइल जळते. दोन्ही गोष्टींचा खर्च किरकोळ. पण १२१ अंशांपर्यंत तापमान पोचले नाही तर शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक होत नाहीत. मग एक तर कुटुंबनियोजनाचे शिबिर रद्द होते आणि लांबच्या वाड्या-पाड्यांवरून आलेल्या बायका परत जातात, किंवा ते रद्द होत नाही, आणि हे त्याहून वाईट.

सरकारला हे कळलेले नाही असे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतली यंत्रे मोजली तेव्हा २९,११५ संस्थांमध्ये ७,५६,७५० यंत्रे आढळली. किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत त्यातली १३ ते ३४ टक्के नादुरुस्त होती. त्यावर २०१५ मध्ये जैववैद्यकीय यंत्रांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. दुरुस्तीचे काम खासगी संस्थांना कंत्राटाने द्यायचे, प्रत्येक यंत्रावर सांकेतिक क्रमांक लावायचा, तक्रारीसाठी एक दूरध्वनी क्रमांक, आणि यंत्रे चालू राहण्याची हमी घ्यायची : जिल्हा रुग्णालयांत ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर ९० टक्के, प्राथमिक आरोग्य केंद्रांत ८० टक्के. हे पाऊल चांगले होते. त्याआधी यंत्रांची यादीसुद्धा धड नव्हती.

पण हमीचे आकडे पुन्हा वाचावेत. सगळ्यात कमी हमी प्राथमिक केंद्राला, जिथे यंत्र एकेकच असते. जिल्हा रुग्णालयात दहा वॉर्मरपैकी एक बंद पडला तर बाळ शेजारच्या वॉर्मरवर जाते. आरोग्य केंद्रात एकच वॉर्मर असतो आणि तो बंद पडला की त्या केंद्रापुरती सोय शंभर टक्के बंद. अंतर आणि खर्च पाहून हे प्रमाण ठरले असणार, हिशेबाला ते पटतेही. बाळंतिणीला ते पटवून देणे अवघड आहे. शिवाय कंत्राटाच्या पद्धतीत माहिती आणि हात दोन्ही बाहेरच राहतात. इंजिनीअर येतो, दुरुस्ती करतो, सही घेतो, जातो. पुन्हा तोच बिघाड झाला तर पुन्हा फोन. कंत्राट बदलले की जुन्या दुरुस्त्यांची आठवण कंत्राटदाराबरोबर निघून जाते. रुग्णालय काहीच शिकत नाही.

याची किंमत करोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी पाहिली. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर एक प्रकरण आले. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर मिळाले होते. त्यातले वापरात काढलेले ११३ सदोष असल्याचे न्यायालयाला सांगण्यात आले. केंद्राच्या बाजूने उत्तर आले की यंत्रे ठीक आहेत, ती हाताळणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नाही. या टोलवाटोलवीवर न्यायालयाने नाराजी व्यक्त केली. कोण बरोबर होते हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. यंत्र सदोष आहे की चुकीचे वापरले जाते आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा अधिकाराने सांगणारा माणूस रुग्णालयाच्या आत नव्हता. तो असता तर या वादाचा निकाल वॉर्डातच, एका दुपारीत लागला असता.

त्याच वर्षी देशभर ऑक्सिजन निर्मितीचे प्रकल्प उभे राहिले. पीएम केअर्समधून १,२२४ प्रकल्पांना पैसे मिळाले, आणि ते चालवण्यासाठी सात हजारांहून अधिक लोकांना प्रशिक्षण दिल्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने सांगितले. म्हणजे ठरवले तर काही महिन्यांत हजारो हात तयार करता येतात. मात्र लाट ओसरल्यावर त्या प्रशिक्षितांसाठी कायमचे पद कोणते, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. महिन्यातून एकदाही न चालवलेला कॉम्प्रेसर गरजेच्या रात्री चालेलच, अशी खात्री कोणताही मेकॅनिक देणार नाही.

स्थानिक तंत्रज्ञाची कल्पना मांडली की ती परकी, प्रयोगादाखल बरी वगैरे म्हटले जाते. रवांडात असे तंत्रज्ञ तयार केल्यावर त्यांच्या रुग्णालयांत बंद यंत्रांचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे मॅल्किन यांच्या गटाने नोंदवले आहे. पण रवांडा लांब आहे. पुणे जवळ आहे. लसीकरण कार्यक्रमासाठी प्रत्येक आरोग्य केंद्रात आयएलआर आणि डीप फ्रीझर असतात, आणि ते सांभाळणारा शीतसाखळी तंत्रज्ञ जिल्ह्यात नेमलेला असतो. अशा तंत्रज्ञांना देशभरातून पुण्याच्या राज्य आरोग्य परिवहन संस्थेत आणून शिकवले गेले आहे. बंद उपकरणांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवायचे, हे या कार्यक्रमाचे उद्दिष्ट असते. बिघडलेला फ्रीझर जागेवर सुधारला नाही तर त्याऐवजी तात्पुरता लावायला राखीव उपकरण ठेवायचे, असाही नियम आहे.

आता तुलना करावी. त्याच आरोग्य केंद्रात, त्याच छपराखाली, त्याच विजेवर आयएलआर चालतो आणि शेजारच्या खोलीतले सक्शन मशीन बंद असते. आयएलआर काही जास्त साधे यंत्र नाही. फरक एवढाच की त्याच्यासाठी नेमलेला, शिकवलेला, जिल्ह्यात राहणारा आणि उत्तर द्यायला बांधील असलेला एक माणूस आहे. सक्शन मशीनसाठी एक फोन नंबर आहे.

आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला धोक्याचा. डिफिब्रिलेटरच्या कपॅसिटरमध्ये साठलेला विद्युतभार उघडणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. एक्स-रे यंत्रात उच्च दाबाची वीज आणि किरणोत्सर्ग दोन्ही असतात. त्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत आणि ते योग्यच आहेत. भूल देण्याचे यंत्र आणि व्हेंटिलेटर यांची अंतर्गत दुरुस्ती तालुक्याच्या तंत्रज्ञाने करू नये. त्याने करायची ती बाहेरची तपासणी : नळ्या, सेन्सर, बॅटरी, फिल्टर. ही सीमा त्याच्या प्रशिक्षणातच आखून द्यावी लागेल, आणि ‘हे मला जमणार नाही, कंपनीला बोलवा’ हे सांगण्याचा अधिकारही. दुरुस्तीनंतर यंत्राच्या धातूच्या भागातून वीज झिरपते का, अर्थिंग नीट आहे का, हे तपासल्याशिवाय ते रुग्णाजवळ न्यायचे नाही, हाही त्याचाच भाग. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात आग लागून १० बाळे गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा आणि विद्युत तपासण्यांचे आदेश निघाले. पण तपासणी वर्षातून एकदा होते, वायर रोज तापते. दर आठवड्याला त्या खोलीतून फिरून प्लग, वायर आणि पॅनेलला हात लावून पाहणारा माणूस हा सुरक्षेला धोका नाही. तो नसणे हा धोका आहे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. बाहेरच्याने यंत्र उघडले की वॉरंटी संपते, असे त्या सांगतात. अनेक नव्या यंत्रांत दुरुस्तीचा मेनू पासवर्डमागे असतो, सर्व्हिस मॅन्युअल मागितले तरी मिळत नाही, सुटे भाग एकाच विक्रेत्याकडे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. वैद्यकीय यंत्रे त्यात नव्हती. ट्रॅक्टर दुरुस्त करण्याचा शेतकऱ्याचा हक्क विचारात घ्यावासा वाटला, आणि तो चांगलाच. पण त्याच शेतकऱ्याच्या नातवाचा वॉर्मर दुरुस्त करण्याचा रुग्णालयाचा हक्क कुणाला आठवला नाही. करोनाच्या काळात अमेरिकेतल्या आयफिक्सिट या संस्थेने रुग्णालयांतल्या तंत्रज्ञांसाठी वैद्यकीय यंत्रांची हजारो मॅन्युअल एकत्र करून खुली केली, ती याच अडचणीमुळे. सरकार मोठा ग्राहक आहे. निविदेतच मॅन्युअल, पासवर्ड आणि स्थानिक तंत्रज्ञाचे प्रशिक्षण या अटी घातल्या तर कंपन्या कुरकुरतील, पण निविदा भरतील.

प्रशिक्षणासाठी नवी संस्था उघडण्याची गरज नाही. नवी संस्था म्हणजे नवी इमारत, आणि इमारतीतच वर्षे जातात. आयटीआयमध्ये वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनांत पदविका आहे. तिथून बाहेर पडणारी मुले पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत किंवा विक्रेत्यांकडे जातात, कारण तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या आकृतिबंधात त्यांच्यासाठी पदच नसते. दोन-तीन ग्रामीण रुग्णालये आणि त्यांच्या भोवतालची आरोग्य केंद्रे मिळून एक तंत्रज्ञ पुरे. त्याला मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, ऑक्सिजन शुद्धता मोजण्याचे यंत्र आणि फोटोथेरपीचे मीटर द्यावे. फ्यूज, गॅसकेट, नळ्या, प्रोब, बॅटऱ्या यांचा छोटा साठा त्याच्या ताब्यात असावा, आणि लहानसहान खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दुसऱ्याच दिवशी मंजूर व्हावा. पन्नास रुपयांच्या गॅसकेटसाठी तीन कोटेशन मागवायची पद्धत राहिली तर जगातला उत्तम तंत्रज्ञही खुर्चीवर बसून राहील. त्याला वरची पायरीही हवी : पाच वर्षांनी जिल्ह्याच्या कार्यशाळेत, पुढे पदवीच्या शिक्षणाला. नाही तर शिकलेला मुलगा दोन वर्षांत शहरात निघून जातो आणि त्याला दोष देता येत नाही.

तोवर काय चालते, हे आरोग्य केंद्रातल्या कोणत्याही सिस्टरला विचारावे. लसीचा फ्रीझर पाहायला शीतसाखळीचा तंत्रज्ञ येतो. काम झाले की सिस्टर चहा देते आणि हळूच म्हणते, “भाऊ, ते सक्शन मशीन जरा बघता का? पंधरा दिवस झाले, ओढतच नाही.” भाऊ मशीन उलटे करतात, बाटलीच्या झाकणाखालची चिरलेली रबरी रिंग काढतात, पिशवीतली दुसरी बसवतात. मशीन ओढू लागते. दौऱ्याच्या डायरीत ते फक्त फ्रीझरची नोंद करतात, कारण सक्शन मशीन त्यांच्या कामाच्या यादीत नाही.